खास पुरुषांसाठी

टीव्हीवरून वस्तू विकणाऱ्या एका वाहिनीत मी सोळा वर्षं काम केलं. एवढ्या वर्षांत पुरुषांसाठी आमच्याकडे पाचच वस्तू आल्या: दाढी कोरायचं मशीन, पाकीट आणि पट्ट्याचा जोड, बॅटरी, कंबरदुखीचा पट्टा आणि केस काळे करायचा शांपू. बाकी सगळा माल बायकांचा. साड्या, गाऊन, गळ्यातले सेट, कुकर, मिक्सर, चपात्या लाटायचं यंत्र. संपादकांनी मला गमतीदार गिऱ्हाइकांबद्दल लिहायला सांगितलं आहे. एक-दोन देते, आणि मग ज्यासाठी लिहायला बसले तिकडे वळते. ते गमतीदार नाही.

वाहिनी मुंबईची, पण मराठी फोन घ्यायचं केंद्र कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. हेडफोन लावून बसलेल्या तीस-चाळीस मुली आणि त्यांच्यावर मी. गिऱ्हाईक टीव्ही बघत बघत फोन करतं, त्यामुळे फोनमधून त्याच्यामागे आमचाच कार्यक्रम ऐकू येतो. म्हणून मुलीचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: टीव्हीचा आवाज जरा कमी करा. मग वस्तू, पत्ता, आणि शेवटी ऑर्डरचा नंबर. प्रत्येक फोन रेकॉर्ड व्हायचा.

माझं आणखी एक काम होतं. जाहिराती हिंदीत केलेल्या असत. त्यांना मराठी आवाज माझा. राजारामपुरीतल्या एका छोट्या खोलीत बसून मी ते बोलायचे. पडद्यावर दिसायची ती बाई उंच, गोरी, दिल्लीकडची. 'नमस्कार ताई' म्हणायचे मी. मंडईत भाव विचारला की भाजीवाली मान वर करून बघायची. आवाज कुठंतरी ऐकलाय, एवढंच तिला कळायचं.

पुरुषांचा माल का नाही, हे मी एकदा मुंबईहून आलेल्या साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "पुरुष दुपारी घरी नसतो. असला तर रिमोट त्याच्या हातात नसतो. आणि वस्तू आवडली तरी तो म्हणतो, दुकानात जाऊन हातात घेऊन बघतो." तेव्हा मला पटलं होतं. दुपारभर टीव्हीसमोर बसून असलेले म्हातारे त्यांच्या डोक्यात नव्हते. माझ्याही नव्हते.

तरी पुरुष फोन करायचेच. नेसरीच्या एकाने पोट आवळायचा बायकांचा पट्टा मागितला.

"ते म्हशीला बसंल काय?"

"म्हशीला कशाला?"

"व्यालीया. पोट लोंबतंय बघा."

"माप काय आहे?"

"घ्याय गेलतो की. लाथ मारतीया."

एका तालमीच्या वस्तादांनी गालावर फिरवायचा दगडी रोलर मागवला आणि पैलवानाच्या खांद्यावर फिरवला. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. "बाई, मोडला की तुमचा रोलर." मी म्हटलं, तो गालासाठी होता. ते म्हणाले, "मग गालवाल्यास्नीच इका. आम्हाला कशाला दाखवालासा?" मुद्दा बरोबर होता. बदलून दिला.

आता अण्णांचं सांगते.

पावसाळ्याचे दिवस होते. दुपारी रेश्मा नावाची आमची एक मुलगी माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, एक आजोबा चष्मा मागतायत. आपण चष्मे विकत नाही म्हटलं, तर म्हणाले, आत्ता दाखवालाय की, बघतोय की मी."

नकली वाहिन्यांचा त्या काळात सुळसुळाट होता. कुणीतरी आमचा नंबर लावून भलताच माल विकत असणार, असं मला वाटलं. मी रेकॉर्डिंग लावलं. म्हातारा आवाज, ठणठणीत. "चष्मा पायजे. जो दाखवालासा त्योच." रेश्मा त्याला नाही म्हणत होती. आणि त्याच्यामागे, लांबून, टीव्हीतल्यासारखा एका बाईचा आवाज येत होता.

"नमस्कार. खास पुरुषांसाठी. वाचायचा चष्मा, काळी फ्रेम. डाव्या काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला आहे, त्यामुळे काडी हलत नाही."

तो आवाज माझा होता.

असं काही मी कधीच बोलले नव्हते. मी काय काय बोलले आहे ते मला पाठ आहे. 'खास पुरुषांसाठी' हे शब्द तर माझ्या तोंडी कधीच आले नव्हते, कारण तशी वस्तूच नव्हती. तरी श्वास मी घेते तिथेच घेतलेला होता. वाक्य संपताना मी किंचित हसते, तेही होतं. त्या वेळी वाहिनीवर काय चालू होतं ते पाहिलं, तर कुकरचा संच. मी ते रेकॉर्डिंग पाच वेळा ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. 

संगणक बघणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, आता मशीन कुणाचाही आवाज काढतंय. तुमचा चोरला असणार." मलाही तेच पटलं. पण चोर वस्तूची तारीफ करतो. काडीला दोरा गुंडाळलाय हे कोणता चोर सांगेल?

तीन दिवसांनी तोच नंबर. या वेळी दातांची कवळी. मागे माझा आवाज: "खास पुरुषांसाठी. वरची आणि खालची, दोन्ही. खालचीचा एक दात उडालेला आहे." रेश्माने नियमाप्रमाणे पुन्हा सांगितलं, आजोबा, आपण हे विकत नाही. फोन बंद.

त्यानंतर चौथ्या दिवशी त्याच नंबरवरून एक बाई बोलली. अगदी हळू, घाईघाईने, गावाकडच्या बोलीत. रेश्माने फोन माझ्याकडे दिला.

"बाई, तुमच्या पोरीनं न्हाय म्हटलं, तवापास्नं हे जेवलं न्हाईत. पेज पित्यात नुसती. एकदा व्हय म्हणा की. वस्तू पाठवू नगासा. नुसतं व्हय म्हणा आणि नंबर द्या."

"कोण बोलतंय?"

"आलं हे," असं म्हणून तिने फोन ठेवला.

त्या नंबरवर पूर्वी एक भाकरीचा तवा गेला होता. त्यामुळे पत्ता मिळाला. गगनबावड्याच्या अलीकडे रस्त्यापासून आत एक वाडी. रविवारी सकाळच्या गाडीने मी गेले. मी घाबरट नाही आणि देवभोळी तर मुळीच नाही. माझा आवाज कुणी वापरत असेल तर ते मला बघायचं होतं, एवढंच.

तिथे पावसात ढग खाली उतरतात आणि दहा पावलांपुढचं काही दिसत नाही. चहाच्या टपरीवाल्याला घर विचारलं. तो म्हणाला, "आक्काताईंचं व्हय? जावा सरळ. लाईट न्हाय बघा दोन दिस. डांब पडलाय." वाडीत सगळीकडे सामसूम होती. मी घराच्या दारापाशी पोचले, हात वर केला आणि थांबले. आतून माझा आवाज येत होता.

"नमस्कार. खास पुरुषांसाठी. बंडी, पांढरी, सुती."

दोन दिवस वीज नाही. टीव्ही चालू असणं शक्य नव्हतं. मी दाराच्या फटीतून पाहिलं. एक वाळका म्हातारा खुर्चीत ताठ बसला होता, समोरच्या काळ्या पडद्याकडे टक लावून. टीव्हीमागे स्वयंपाकघराची भिंत होती आणि तिला एक झरोका. आवाज त्या झरोक्यातून येत होता. म्हातारा उघड्या अंगाने बसला होता. थंडीने त्याच्या हातावर काटा आला होता.

मी मागच्या दाराने गेले. चुलीपुढे एक ठेंगणी, गव्हाळ बाई उभी होती, तोंड झरोक्याला लावून. मला पाहून तिने एकदम तोंडावर हात ठेवला. मी हळूच 'नमस्कार' म्हटलं आणि आवाजावरून तिने ओळखलं. "तुमी त्या," एवढंच म्हणाली. या वेळी स्वतःच्या आवाजात.

त्या आक्काताई. म्हातारे म्हणजे त्यांचे मालक, अण्णा. साखर कारखान्यात वजनकाट्यावर जन्म गेला. त्या माणसाने नंबर असलेल्या पावतीशिवाय एक गाडी आत सोडली नव्हती. मूलबाळ नाही. गेल्या वर्षापासून अण्णांना विसर पडायला लागला होता. माणसं लक्षात होती, पण वस्तू ओळखीच्या राहिल्या नव्हत्या.

"सोताचा चष्मा हातात दिला तर म्हणत्यात, ह्यो कुणाचा? दुसऱ्याचं कशाला घालू? दात दिलं तर फेकलं. म्हणालं, मेलेल्या माणसाचं हाय. कापडं, वहाणा, सगळं परकं. नवं आणलं तर चालतंय, पर ते बी सोता बघून, सोता सांगून. तुमच्या टीव्हीवर बसत्यात दिसभर. रोज म्हणत्यात, बायकांचंच दाखवालाय, आमास्नी काय न्हाय व्हय? मग म्या म्हटलं, आपुनच दाखवूया."

"पण माझा आवाज?"

"तेरा वरसं ऐकतोया तुमास्नी. दळताना, निवडताना. घरात आनी कोण बोलतंय?" त्या थोड्या लाजल्या. "माझ्या आवाजात सांगितलं तर हे वळखत्यात. बायकूचं कोण ऐकतंय वो?"

पद्धत अशी होती. टीव्ही चालू असला की त्या त्याचा आवाज पूर्ण बंद करायच्या आणि झरोक्यातून एक-एक वस्तू दाखवल्यासारखी सांगायच्या. अण्णा ऑर्डर द्यायला स्वतः फोन करायचे, कारण सांगितल्याशिवाय आलेला माल ते घेत नसत. मग त्यांचीच वस्तू आमच्या जुन्या खोक्यात घालून आक्काताई मागच्या दाराने बाहेर पडायच्या, पुढच्या पायरीवर खोकं ठेवायच्या, कडी वाजवायच्या आणि पळत परत चुलीपाशी. पहिल्या एक-दोन वेळा आमच्या एका नव्या मुलीने गोंधळून 'नोंद केली' म्हणून सांगितलं होतं आणि वहाणा, टोपी पार पडल्या होत्या. नंतर फोन रेश्माकडे लागला. रेश्मा हुशार आणि नियमाची. मीच तिला तयार केली होती.

मी पुढच्या खोलीत गेले आणि नेहमीप्रमाणे म्हटलं, "नमस्कार अण्णा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. मी म्हटलं, "अण्णा, मी इकडे आहे." ते आणखी पुढे सरकून काळ्या पडद्यात शोधायला लागले. मी दोन फुटांवर उभी होते. आक्काताईंनी आतून येऊन माझा दंड धरला आणि कानात म्हणाल्या, "बोलू नगासा हितं. घाबरत्यात."

परत येताना गाडीत मी ठरवलं. खोटी ऑर्डर घेणं आमच्याकडे सगळ्यांत मोठा गुन्हा. त्यासाठी मी स्वतः दोन मुलींना घरी पाठवलेलं होतं. पण म्हातारा दातांशिवाय उपाशी मरणार आणि माझ्या केंद्राचा नियम शाबूत राहणार, याला अर्थ नव्हता. रेश्माला सांगितलं, तो नंबर आला की सरळ मला जोड, विचारू नको. संगणकात काही भरायचं नाही. मी एका कागदावर एकपासून नंबर घातले आणि क्रमाने देत गेले. कवळी एक नंबर. चष्मा दोन. बंडी तीन.

"लिवून घेतो," अण्णा म्हणायचे. "काय नंबर?"

"तीन."

"एवढाच? तुमचा धंदा बसला म्हणायचा."

खोकं आलं की ते त्यावर पेन्सिलीने नंबर टाकायचे आणि मगच उघडायचे. अशी काठी गेली, स्वेटर गेला, दाढीचा ब्रश गेला. कवळी पुन्हा गेली, चष्मा तीन वेळा. दिवसभर चाळीस मुलींचे आवाज माझ्याभोवती असायचे, पण तो फोन आला की मला फक्त मागचा आवाज ऐकू यायचा. तो सुधारत चालला होता. सुरुवातीला कुठेतरी एखादा 'हाय' निसटायचा. दिवाळीपर्यंत तो निसटायचा बंद झाला. एकदा त्या आवाजाने 'अत्यंत टिकाऊ' म्हटलं, आणि मी तो शब्द तसाच म्हटला असता अशा जागी म्हटलं. मी घरी येऊन आरशासमोर तो शब्द म्हणून पाहिला. त्यांचा जास्त चांगला होता.

थंडी सरता सरता एके दुपारी अण्णांचा फोन आला. आवाज खाली गेलेला.

"बाई, एक इचारायचं हाय. घरात कोण एक बाई आलीया. सैपाक करती, झाडती. वंगाळ न्हाय. पर आमची न्हवं ती."

"मग तुमच्या कुठे आहेत?"

"ठावं न्हाय. गेली कुठंतरी. ह्या बाईला दोनदा भाईर काडली. पुन्यांदा मागनं येती. आज पायरीवर बसवलीया. तिच्या हातचं जेवलो न्हाय म्या. दुसऱ्याची बाई घरात ठेवू व्हय?"

मी काही बोलायच्या आत मागे आवाज सुरू झाला. म्हणजे आक्काताई मागून पुन्हा आत आल्या होत्या आणि झरोक्याशी उभ्या होत्या.

"नमस्कार. खास पुरुषांसाठी. उंची बेताची, रंग गव्हाळ. उजव्या कोपरावर भाजल्याचा डाग आहे. एका डोळ्याने कमी दिसतं. भाकरी चांगली करते. बेचाळीस वर्षं एकाच घरात राहिलेली आहे. अत्यंत टिकाऊ."

वाक्य संपताना तो आवाज किंचित हसला.  

 अण्णा म्हणाले, "ही पायजे."

मी ऑर्डर घेतली. माझ्या हातून झालेलं हे सगळ्यांत चुकीचं काम की सगळ्यांत बरोबर, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. पण त्या क्षणी पायरीवर बसवलेली एक बाई आणि उपाशी बसलेला एक माणूस, एवढंच समोर होतं.

"परत घेतासा का? न्हाय पटली तर?"

"नाही अण्णा. ही एकच आहे. परत घेत नाही."

"नंबर?"

"सत्तावीस."

त्यांनी फोन ठेवला नाही, नुसता बाजूला ठेवला असावा. पुढचं सगळं मी ऐकलं. मागच्या दाराचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग पुढची कडी वाजली. अण्णांची काठी टेकत टेकत गेली. दार उघडलं. आणि अण्णा काट्यावरच्या आवाजात, खणखणीत म्हणाले, "नंबर सांग."

 नंबर मी फोनवर सांगितला होता. आक्काताईंना तो ऐकू गेला असणं शक्य नव्हतं. मी फोनमध्ये ओरडले असते तर अण्णा टीव्हीकडे वळले असते. मी टेबलाची कड धरून बसले.

दारातून माझा आवाज म्हणाला, "सत्तावीस."

मागचं खोकं सव्वीसचं होतं. ते आक्काताईंनी घरात पाहिलं असणार, आणि माझी क्रमाने जायची सवय त्यांच्या लक्षात आली असणार.

"बरोबर हाय," अण्णा म्हणाले. "ये आत."

त्यानंतर त्या घरातून फोन आला नाही. मी वाट पाहिली. गुढीपाडव्याच्या सुमारास मीच केला. उचलला गेला आणि पलीकडून माझा आवाज म्हणाला, "नमस्कार."

मी क्षणभर विसरले की फोन कुणी कुणाला केला आहे. मग विचारलं, "आक्काताई?"

"बोलते आहे."

"अण्णा कसे आहेत?"

"छान आहेत. दोन्ही वेळ जेवतात. आता सगळं घालतात, मी हातात दिलं की." मागे भांड्याचा आवाज झाला. "फक्त मला असंच बोलावं लागतं. पहिल्या दिवशी एकदा चुकून माझं बोलणं निघालं, तर त्यांनी दार दाखवलं."

"ते झोपल्यावर तरी?"

"मध्येच जागे होतात."

मी खुर्चीतून उठले होते. खोलीतल्या मुली माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या दृष्टीने मी स्वतःशीच बोलत होते. रेश्माने नंतर मला तसं सांगितलंसुद्धा.

"अण्णा आता जवळ आहेत का?"

"नाही. अंगणात उन्हाला बसलेत. लांब आहेत."

"मग आक्काताई, माझ्याशी तरी तुमच्या आवाजात बोला. एक वाक्य."

 श्वास घेतल्याचं ऐकू आलं, मी घेते तसाच. काहीतरी सुरू झालं आणि थांबलं. पुन्हा सुरू झालं.

"येत नाही," माझा आवाज म्हणाला.